चौकटीचा मान

भंगारवाल्याच्या हातगाडीवर मी तो वाकस ओळखला. दांडा मोडलेला, पात्यावर जंग चढलेला, तरी ओळखला. ज्या वस्तूला हात लावला म्हणून लहानपणी मनगटावर रट्टा खाल्ला, ती वस्तू माणूस विसरत नाही. वाकसाखाली पाच पटाश्या होत्या, एक गिरमिट, एक गुण्या, दोन करवती, अन् सगळ्यात खाली वाकून पडलेला दोन माणसांचा मोठा आरा. लाकडी रंधे तीन. त्यांतली लोखंडी पाती भंगारवाल्यानं आधीच ठोकून काढली होती.

"कितीले देतं?"

"लोखंड पन्नास रुपये किलो."

"अन् लाकडाचं?"

"लाकडाचे कायचे पैसे? घेऊन जा. चुलीत घालजो."

अकरा किलो भरलं. साडेपाचशे रुपये. दालमिलमधली हप्त्याची मजुरी खिशात होती, तिच्यातून मोजून दिले. सगळं गोणपाटात बांधून मेडशीला घरी आणलं. माय म्हणाली, "हे भंगार कायले आणलं बाप्पा?" बाप काही बोलला नाही. त्यानं गोणपाट सोडलं, आरा बाहेर ओढला अन् त्याच्या एका मुठीवर हात ठेवला. खालच्या मुठीवर. वरच्या मुठीकडं त्याचा हात गेलाच नाही. सवय नव्हती.

माझ्या बापानं वीस-बावीस वर्षं आरा ओढला. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन उभ्या मेढींवर मोठं ओंडकं आडवं टाकायचं. एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, एक खाली. वरचा रेघ पाहतो, खालचा ओढतो. वरच्याचं काम डोळ्याचं, खालच्याचं दंडाचं. भुसा सगळा खालच्याच्या डोक्यावर, डोळ्यात, नाकात. बाभळीचा भुसा गेला की दोन दिवस डोळे लाल. माझा बाप खालचा. एवढ्या वर्षांत एकदाही वरचा झाला नाही. वर मिस्तरी, नाहीतर मिस्तरीचा भाऊ, नाहीतर मिस्तरीचा मोठा पोरगा. चौदा वर्षांचं पोरगं वर अन् तीस वर्षांचा माझा बाप खाली.

त्या चिरलेल्या लाकडातून अख्खी शेती उभी राहायची. तिफण, वखर, डवरा, जू, बैलगाडीची चाकं. चाकाच्या तुंब्याला बाभूळच पाहिजे, ती फाटत नाही. तिफणीचं चाडं कोरावं तर दाणा सारखा पडला पाहिजे, नाहीतर एका तासात दाट अन् दुसऱ्या तासात पातळ. ही अक्कल मोठी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. सुतार बारा बलुत्यांतला. सुगीला त्याच्या पेंढ्या ठरलेल्या, शेतकरी त्याला बसवून द्यायचा. आमच्या आज्यालाही बलुतं होतं. पण ते खळ्याच्या कडेला उभं राहून, पदर पसरून घ्यायचं. दोघंही बलुतेदारच. पण एकाच्या घामाला मान, दुसऱ्याच्या घामाला विटाळ.

मिस्तरी वाईट माणूस नव्हता. त्यानं बापाची मजुरी कधी बुडवली नाही. बापाच्या डोळ्यात भुसा गेला तर स्वतः तांब्या घेऊन पाणी ओतायचा. वरून. हात न लावता. चहा द्यायचा, पण कप सपरीच्या वळचणीत वेगळा खोचलेला, कान तुटलेला. अन् एक गोष्ट तो रोज सांगायचा, "रंध्याले हात नको लावू रे, धार जाते."

धार जाते. बापानं हे खरं मानलं. आपल्या हातानं धार जात असेल, असं त्याला खरोखर वाटायचं. मी सहा-सात वर्षांचा होतो. बापाची भाकर घेऊन गेलो अन् तिथं पडलेला वाकस उचलून पाहिला. रट्टा बसला तो मिस्तरीचा नव्हता. बापाचा होता. मिस्तरी मारायच्या आधी त्यानंच मारला.

पुढं मी आयटीआयला सुतारकामाला नाव घातलं. एका वर्षाचा कोर्स. तिथं पहिल्याच महिन्यात कळलं की धार लाकडाच्या गाठीनं जाते, खिळा लागला की जाते, ओलाव्यात ठेवलं की जाते. दगडावर घासली की परत येते. हातानं जात नाही. त्या दिवशी मेडशीला आलो अन् बापाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "असंन." एवढंच.

आयटीआयचा कागद घेऊन अकोल्यात एका फर्निचरच्या दुकानात लागलो. मालकानं नाव विचारलं, मी फक्त नाव सांगितलं. आडनाव खाल्लं. आमच्या वऱ्हाडात आडनाव सांगितलं की बाकी काही सांगायची गरज पडत नाही. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली पुस्तकात आली. तिच्यातला माणूस रेल्वेच्या कामावर उधन्याला जातो अन् जात सांगत नाही. ती गोष्ट मी फार नंतर वाचली. वाचताना अंगावर काटा आला. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला होता अन् मी तेच करत होतो. त्यानं निदान तलवारीच्या धारेवरून चालल्यासारखं केलं होतं, मी तर नुसता गप्प बसून केलं.

पाच महिने मी तिथं रंधा मारला, कुसू काढले, ड्रॉवर बसवले. मग पगार बँकेत टाकायचा म्हणून आधार कार्ड मागितलं. कार्डावर आडनाव. कुणी शिवी दिली नाही. कुणी हाकललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात पॉलिश पेपर आला. "तू घासायचं पाह्य आता." गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला दुसरा जायला लागला. दोन महिने घासलं. मग एका शनिवारी मजुरी घेतली अन् परत गेलो नाही.

दालमिलमध्ये आडनाव विचारत नाहीत. पोतं उचलता येतं का एवढं पाहतात. तूर येते, चाळते, तेल लागतं, वाळते, रोलरमधून फुटते, डाळ एकीकडं, चुनी दुसरीकडं. फोलाची धूळ छातीत बसते. बाप भुसा खात होता, मी फोल खातो. रात्रपाळीला पोत्याच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर कविता लिहायचो. त्यांतल्या दोन-तीन छापूनही आल्या. पण खरं सांगतो, कविता लिहितानाही हात कशाला तरी शोधायचे. पोतं उचलायला हात लागतात, पण त्या हातांना काही येत असलं पाहिजे असं नाही. मला येत होतं. येत असलेलं वापरायचं नाही, हा एक वेगळाच त्रास आहे. भुकेसारखा नाही. कुजल्यासारखा.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, मिल बंद झाली. आम्ही चार जण अकोल्याहून निघालो. थोडं पायी, थोडं भाजीच्या गाडीत, पातूरचा घाट चढून मेडशीला आलो. घरी बसून काय करणार? शेजारच्या म्हातारीच्या खाटेचा गात मोडला होता. विळ्यानं बाभळीचं लाकूड तासलं, मागून आणलेल्या पटाशीनं भोक पाडलं, बसवून दिला. दुसऱ्या दिवशी दुसरी खाट आली. मग पाळणा. मग शाळेतल्या पोराचा स्टूल. महिनाभरात वस्तीतल्या पंधरा-वीस वस्तू माझ्या हाताखालून गेल्या. कुणी पैसे दिले, कुणी जवारी दिली, कुणी नुसतं "बरं केलं बाबू" म्हटलं. मिल सुरू झाली तसा परत गेलो, पण आता हात गप्प बसत नव्हते.

तोवर गावोगावची सुताराची सपरी मोडली होती. ट्रॅक्टर आला, पेरणी यंत्र आलं, लोखंडी वखर आला. तिफण आता कुणाच्या गोठ्यात आढ्याला टांगलेली दिसते. मिस्तरी वारला. पोरं पुण्याला कंपनीत. घर बांधायचं म्हणून सपरी रिकामी केली अन् हत्यारं भंगारात गेली. ज्या हत्यारांना आमच्या हातानं धार जाणार होती, ती त्यांच्याच घरून किलोवर विकली गेली. मला त्यात आनंद झाला नाही. त्या वाकसाच्या दांड्यावर मिस्तरीच्या बोटांचा खळगा पडला होता. तीस-चाळीस वर्षं एकाच जागी धरल्याशिवाय लाकडाला असा खळगा पडत नाही. त्यानं ते हत्यार पोरासारखं जपलं होतं. आम्हाला लावू दिलं नाही, हे एक. जपलं होतं, हे दुसरं. दोन्ही खरं आहे.

घराच्या मागच्या अंगाला दहा फूट बाय बारा फुटांचा पडवा काढला. जुने पत्रे, चार बाभळीचे खांब, पूर्वेकडची बाजू उघडी, उजेड पाहिजे म्हणून. कामाचा बाक केला. जुन्या घराचं एक नाट पडून होतं, ते चिरून दोन जाड फळ्या, खाली बाभळीचे पाय. बाकाची उंची अशी ठेवली की सरळ उभं राहिलं की तळहात टेकतो. त्याच्यापेक्षा उंच केला तर रंध्यावर अंगाचा जोर येत नाही, ठेंगणा केला तर कंबर जाते. जुने मिस्तरी जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या बोटांत धरून काम करायचे. मी बापाला विचारलं, बसून करू की उभ्यानं? बाप म्हणाला, "उभ्यानं कर. बसून अन् वाकून लय केलं आपुन."

हत्यारांचा जंग चिंचेच्या पाण्यानं काढला. रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवायचं, सकाळी विटेच्या चुऱ्यानं घासायचं, लगेच कोरडं करून तेलाचा बोळा फिरवायचा. पटाशीला धार लावायची तर आधी पाठ आरशासारखी सपाट पाहिजे. लोक उताराकडची बाजू घासत बसतात अन् पाठ तशीच ठेवतात, मग धार येत नाही. उतार पंचवीस ते तीस अंशांचा. कमी ठेवला तर पातं बाभळीत तुटतं, जास्त ठेवला तर लाकूड कापत नाही, फाडतं. वाकसाला नवा दांडा घातला. जुना, खळग्याचा दांडा फेकला नाही. पत्र्याखाली खोचून ठेवला आहे. का, ते मला नीट सांगता येत नाही.

पहिला रंधा तयार झाला तेव्हा बापाला बोलावलं. म्हटलं, मार. तो हात मागं घेत होता. साठीला आलेला माणूस, दोन्ही हात पुढं करून परत मागं घेतो. "धार जाईन," म्हणाला. सवयीनं म्हणाला अन् स्वतःच हसला. मग मारला. पहिल्यांदा अडकला, दुसऱ्यांदा घसरला, पाचव्या-सहाव्यांदा रंध्याच्या तोंडातून कागदासारखी लांब साल निघाली. ती घेऊन तो मायला दाखवायला गेला. माय म्हणाली, "चुलीले चांगली हाये."

लाकडाची गोष्ट वेगळीच आहे. मेडशीच्या आजूबाजूला सागाचं जंगल, डोळ्यांसमोर साग उभा. पण तो सरकारचा. शेतातलं झाड असलं तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत साग आहे, तिवस आहे, अंजन आहे, खैर आहे. परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मी बाभूळ अन् कडुनिंबावर भागवतो. कडुनिंब कडू, त्याला कीड सहसा लागत नाही. बाभूळ चिवट. पण ओलं लाकूड वापरलं की चौकट पिळवटते, दार लागत नाही. इंचभर जाडीला एक वर्ष सावलीत वाळवावं, असा हिशेब आहे. गरिबाला सगळ्यात महाग हेच, वाट पाहणं. तरी पडव्याच्या मागं फळ्या रचून ठेवल्या आहेत, मधे चिपा घालून, वारा खेळावा म्हणून.

१७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना निघाली. अठरा धंदे, त्यात सुतारकाम पहिलं. नोंद झाली तर प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार, पाच टक्क्यांनी एक लाखाचं कर्ज. मिलला सुट्टी टाकून एका ठिकाणी अर्ज भरायला गेलो. संगणकावर बसलेल्या माणसानं विचारलं, "सुतार का?"

"सुतारकाम करतो."

"काम नाही विचारलं. सुतार हा का?"

योजनेत जातीची अट नाही. हातानं, हत्यारानं काम करणारा पाहिजे, एवढंच. मी ते वाचून गेलो होतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण घराण्याचा धंदा लिहिलेला हाये ना. तुमचा घराण्याचा कसा?" अर्ज भरायला मागं रांग होती. मी म्हटलं, "बाप वीस वर्षं आरा ओढत होता. आऱ्याबिगर फळी होते का? फळीबिगर सुतार होतो का?" तो माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं अर्ज भरला. पन्नास रुपये घेतले, नोंदणी फुकट असताना.

घरी येताना एसटीत बाबासाहेब आठवत होते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये त्यांनी हेच उकलून दाखवलं आहे. कामं वाटून घेणं वेगळं, अन् माणसंच कप्प्यांत कोंबून बाहेरून कडी लावणं वेगळं. अन् ते कप्पेही एकावर एक रचलेले. माणूस काय करू शकतो हे कुणी विचारत नाही, कुणाच्या पोटी आला ते विचारतात. मी हे आधी पुस्तकात वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. संगणकासमोर उभं राहिलो तेव्हा ती रेघ माझ्या अंगावरून गेली.

मग एक मोठं काम आलं. जवळच्याच एका गावचे गृहस्थ. दोन मजली घर बांधत होते. त्यांनी डेपोतून पावतीचा साग घेतला होता. मोठ्या दाराची चौकट पाहिजे होती. सगळीकडं फिरले, हातकामाचा सुतार सापडेना. कुणीतरी माझं नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं असणार. तरी आले. पडव्यात उभे राहिले, बाकावरचं काम पाहिलं, सौदा केला.

साडेसात फूट उंच, चार फूट रुंद, पाच बाय तीन इंचाचा माल. मिलला खाडे टाकून नऊ दिवस काम केलं. उभ्यांना कुसू, आडव्याला भोक, अन् खिळा न ठोकता बाभळीच्या खुंट्या. खुंटीचं भोक जरासं सरकवून पाडलं, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळून येतो. वरच्या गणेशपट्टीवर गणपती कोरशील का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते माझ्यानं होणार नाही, पट्टी साफ करून देतो. बावीस प्रतिज्ञा आम्ही नुसत्या म्हणत नाही. ते म्हणाले, चालते, पितळेचा आणून लावू.

चौकट उभी करायच्या दिवशी आपल्याकडं पूजा असते. हळदकुंकू, आंब्याची पानं, नारळ. अन् ज्यानं चौकट केली त्या सुताराला टोपी, टॉवेल, नारळ, दक्षिणा. जुना रिवाज. मी ओळंबा घेऊन सकाळीच गेलो. पाहतो तर ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. दुसऱ्या तालुक्यातून आणलेले. जातीनं सुतार. दहा वर्षांपासून हत्यार हातात धरलं नव्हतं, हात कापत होते. घरमालकानं मला बाजूला घेतलं.

"वाईट नको वाटून घेऊ. शास्त्र असते. पैसे तुले पूरेच."

चौकट मी उभी केली. ओळंबा मी धरला. पाचर मी ठोकली. मग मला म्हणाले, जरा तिकडं हो. टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर, टॉवेल म्हाताऱ्याच्या खांद्यावर. बायकांनी त्याला ओवाळलं. म्हातारा उठला, चौकटीजवळ आला, सांध्यावरून अंगठा फिरवला. नख घालून पाहिलं. नख गेलं नाही. मला विचारलं, "कुसू कोणं काढलं?"

"मी."

"कोणाजवळ शिकला?"

"आयटीआयत. अन् बापाजवळ."

तो काही बोलला नाही. टॉवेल घेऊन गेला. परत द्यावा असं त्याला वाटलं का, कोण जाणे. त्याचा तरी काय दोष? त्यालाही त्याच्या कामासाठी बोलावलं नव्हतं. मी पैसे मोजून घेतले, पूर्ण होते. एसटीची वाट पाहत बसलो. रडू आलं नाही. भूक लागली होती, ती मेली.

त्याच्या पुढच्या जानेवारीत, २०२५ ला, आमची पोरं भीमा कोरेगावला गेली. मी गेलो. एक तारखेचं अभिवादन झालं की तिथून कार्ल्याला जाऊ, असं ठरलं. डोंगर चढून चैत्यगृहात शिरलो अन् मी छताकडं पाहतच राहिलो. कातळ कोरलेला, पण छताला लाकडी कमानी. खऱ्या लाकडाच्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडाला ती पेलायची गरज नव्हती. तरी लावल्या, कारण आधीचे विहार, आधीची घरं लाकडाची. दगड कोरणाऱ्यानं सुताराची नक्कल केली होती. माझी मान दुखली तरी मी खाली पाहीना.

आमच्यासोबत एक शिक्षक दादा होते, त्यांना शिलालेखांचा नाद. त्यांनी दाराशी नेऊन दाखवलं. तिथं ब्राह्मीत कोरलेलं आहे की हे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीनं केलं. बापाचं नावही आहे. वढकी म्हणजे सुतार. राजाचं नाव नाही, सावकाराचं नाही. सुताराचं. दारावर. लेण्यात दान देणाऱ्यांची नावं पुष्कळ आहेत, पण मी त्या एका ओळीसमोर उभा राहिलो. ज्यानं दार केलं त्याचं नाव दाराला. एवढी साधी गोष्ट. अन् त्या दोन ओळींच्या गोष्टीत बापही आहे.

आमच्या घराला तोवर धड दार नव्हतं. रमाई घरकुल मंजूर होऊन भिंती उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांनी बसवली तशी लोखंडी अँगलची चौकट मी बसवू दिली नाही. जागा मोकळी ठेवली, पोतं टांगलं. माय रोज बोलायची, "सुताराच्या घराले दार नाही." ती मला सुतार म्हणाली, हे मी तिला दाखवून दिलं नाही. मनात ठेवलं.

मामाच्या धुऱ्यावरचा कडुनिंब वादळात पडला होता. दोन वर्षांपूर्वी. ओंडकं वाळून तयार होतं. गिरणीवर न्यायला गाडीभाडंच परवडेना. मग तो आरा काढला. दात कानशीनं एकेक घासून घेतले. दोन मेढी रोवल्या, ओंडकं चढवलं. बाप सवयीनं खाली जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "बाबा, वर चढा."

"मले रेघ पाहता येत नाही रे."

"येते. वीस वर्षं खालून पाहिली ना."

चढला. पहिल्या दोन हातांत रेघ सुटली. मग धरली ती शेवटपर्यंत. मी खाली. भुसा माझ्या डोळ्यात. कडुनिंबाचा, कडू. तेव्हा मला कळलं की खालून वरचा माणूस दिसतच नाही, नुसते त्याचे पाय दिसतात.

बुद्धपौर्णिमेला चौकट उभी केली. वरच्या पट्टीच्या मधोमध पिंपळाचं पान कोरलं. पट्टीच्या आतल्या अंगाला, आत शिरताना मान वर केली तरच दिसेल असं, बापाचं नाव अन् माझं नाव. वस्तीतले लोक आले, त्रिशरण-पंचशील झालं. मग मायनं पदराखालून एक टॉवेल अन् एक टोपी काढली.

पोरांत कुजबूज झाली. एक जण उघडच म्हणाला, "काकू, हे तर त्यायचंच शास्त्र झालं. आपुन हे कायले करावं?" त्याचं चुकीचं नव्हतं. मीही तसंच लिहिलं असतं. मी मायकडं पाहिलं.

माय म्हणाली, "शास्त्र नाही बाप्पा, टावेल हाये. वीस वर्षं याच्या डोयात भुसा गेला. पुसाले दिला."

बापानं टॉवेल घेतला. टोपी मला घातली.

आता मिल सुटली आहे असं नाही. तुरीचा हंगाम असला की मी अकोल्याला असतो, बाकी दिवस पडव्यात. कधी हप्ताभर काम नसतं, तेव्हा पोत्यांची आठवण येते. पण दारं विचारायला लोक येतात, कारण हातकामाची चौकट करणारं कुणी उरलं नाही. मी सौद्याच्या आधीच सांगतो. चौकट बसवायच्या दिवशी मान देणार असाल तर ज्यानं चौकट केली त्याला. देणार नसाल तर कुणालाच नाही. हे जमत नसेल तर लाकूड उचला.

पहिले दोघं उठून गेले. एकाचं काम मोठं होतं, तीन दारं अन् सात खिडक्या. त्या पैशात मला एक चांगलं ड्रिल मशीन अन् पावसाळाभराचा किराणा आला असता. बाप म्हणाला, "गेलं ते गेलं."

तिसरा बसून राहिला. बराच वेळ काही बोलला नाही, बाकावरच्या फळीवर बोट फिरवत राहिला. मायनं चहा आणला. आमच्याच कपात, कानाच्या. त्यानं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दाराच्या चौकटीकडं पाहिलं. मग प्यायला.

मी टेप काढला अन् विचारलं, "उंची किती ठेवायची?"